चाकाचे वजन आणि दामदुपटीचा हिशेब

नवी मोटार दारात येणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील एक सणच असतो. हार घातला जातो, नारळ वाढवला जातो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. तमिळनाडूत या सोहळ्याला आणखी एका विधीची जोड असते. चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवतात आणि ती चिरडून गाडी पहिल्यांदा पुढे सरकते. पूजेचा पहिला मान असा चाकाला मिळतो. नोकरीनिमित्त चेन्नईत स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांनीही ही रीत आनंदाने आपलीशी केली आहे.

पूजेच्या आधी विक्रीकेंद्रात मात्र चाकाची चर्चा वेगळ्या अंगाने झालेली असते. "साहेब, ही लोखंडी चाके काढून ॲलॉयची घ्या. वजन कमी, पळ जास्त, पेट्रोलही वाचेल," असा प्रेमळ आग्रह होतो. त्यासोबत एक सूत्रही हमखास ऐकवले जाते: चाकाचे एक किलो वजन कमी केले म्हणजे गाडीचे दहा किलो कमी केल्यासारखे असते. कोणी चार सांगतो, कोणी आठ. आकडा सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणे बदलतो. ग्राहक मान डोलावतो आणि वाहनकर्जाच्या रकमेत वीस-तीस हजारांची भर पडते.

हा आग्रह कितपत खरा आहे? चाकाचे वजन गाडीच्या चालीवर, इंधनावर आणि सुरक्षिततेवर नेमका किती परिणाम करते? प्रश्न तांत्रिक वाटला, तरी त्याचे उत्तर बँकेशी परिचय असलेल्या कोणालाही सहज उमजेल असे आहे. कारण मुद्दल आणि व्याज या दोन शब्दांत ते सामावलेले आहे.

चाकांचे शहर

या विषयाचा विचार करायला चेन्नईइतके योग्य शहर दुसरे क्वचितच सापडेल. शहराच्या वायव्येला पाडी नावाचे उपनगर आहे. टी.व्ही.एस. उद्योगसमूहाने १९६० मध्ये स्थापन केलेली 'व्हील्स इंडिया' ही कंपनी येथे मोटारी, ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांची पोलादी चाके घडवत आली आहे. उत्तरेकडील तिरुवोट्रियूर येथे के. एम. मामेन माप्पिळ्ळै यांनी १९४६ मध्ये एका लहानशा शेडमध्ये रबरी फुगे तयार करण्याचा व्यवसाय आरंभिला. 'मद्रास रबर फॅक्टरी' या नावातून पुढे 'एम.आर.एफ.' ही आद्याक्षरे देशभर पोहोचली आणि फुग्यांचे कारागीर टायरचे कारखानदार झाले. एन्नोरला अशोक लेलँडचे ट्रक बनतात. शहराच्या नैर्ऋत्येस ओरगडम आणि इरुंगाट्टुकोट्टै येथे मोटारींचे प्रचंड कारखाने उभे आहेत. इरुंगाट्टुकोट्टैच्या ह्युंदाई कारखान्यातून १९९८ मध्ये बाहेर पडलेली सँट्रो आपल्यापैकी अनेकांची पहिली मोटार ठरली.

थोडक्यात, चाकाची पोलादी डिस्क, तिच्यावरचा टायर आणि त्या चाकांवर उभी राहणारी मोटार ही तिन्ही या एका शहराच्या परिसरात जन्म घेतात. आपल्याकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवडला जो मान आहे, तोच दक्षिणेत चेन्नईला आहे.

मुद्दल आणि व्याज

गाडीच्या डिकीत ठेवलेली पिशवी आणि गाडीचे चाक यांच्यात एक मूलभूत भेद आहे. पिशवी केवळ पुढे जाते. चाक पुढेही जाते आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतेही. म्हणून इंजिनाला चाकासाठी दोनदा शक्ती मोजावी लागते, एकदा त्याला पुढे नेण्यासाठी आणि एकदा त्याला फिरवण्यासाठी. पुढे नेण्याच्या खर्चाला आपण मुद्दल म्हणू आणि फिरवण्याच्या खर्चाला व्याज.

हे व्याज किती? त्याचा दर वस्तुमान चाकाच्या मध्यापासून किती दूर आहे यावर ठरतो आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अगदी मध्याशी असलेल्या धातूवर व्याज जवळजवळ शून्य. मध्य आणि टायरची बाहेरची कड यांच्या निम्म्यावर असलेल्या वजनावर पंचवीस टक्के. रस्त्याला टेकणाऱ्या कडेवरच्या वजनावर पूर्ण शंभर टक्के. कडेच्या पलीकडे चाकच नसल्यामुळे यापुढे व्याज वाढूच शकत नाही.

येथे आपल्या जुन्या सावकारीतील दामदुपटीच्या नियमाची आठवण होते. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, असे हिंदू विधीतील हे तत्त्व सांगते आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी ते मान्य केले होते. मद्रास इलाख्यात मात्र हा नियम मानला जात नसे. कायद्याचे असे असले, तरी निसर्गाने चाकाला लावलेला दामदुपटीचा नियम मुंबईत आणि मद्रासेत सारखाच चालतो. चाकावरचे एक किलो वजन वेग घेताना किंवा वेग कमी करताना फार तर दोन किलोंइतके भारी पडेल, त्याहून तिळभरही अधिक नाही. चार, आठ किंवा दहा किलोंचे सूत्र त्यामुळे पहिल्याच पायरीवर बाद होते.

आपल्या पूर्वजांना हे तत्त्व गणिताविना ठाऊक होते. कुंभार आपले चाक जाणूनबुजून जड ठेवतो आणि वजन कडेकडे ठेवतो. एकदा दांडीने गती दिली की मडके आकाराला येईपर्यंत ते फिरत राहावे, हा त्यामागचा हेतू. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवली की चाक टिकाऊ होते, परंतु उभी गाडी हलवताना बैलांना पहिला हिसका जोराचा द्यावा लागतो. कुंभाराला जे व्याज हवेसे वाटते, तेच बैलाला आणि इंजिनाला नकोसे असते.

एका छोट्या मोटारीचा ताळेबंद

आता प्रत्यक्ष आकडेमोड करून पाहू. साधारण चौदा इंची चाकांची एक छोटी मोटार घेऊ. माणसांसह तिचे वजन १,२०० किलो धरू. टायरसह चाकाची त्रिज्या सुमारे २९ सेंटिमीटर असते आणि धातूच्या रिमची कड मध्यापासून सुमारे १८ सेंटिमीटरवर येते. म्हणजे रिमची सर्वांत बाहेरची कडदेखील पूर्ण अंतराच्या बासष्ट टक्क्यांवरच थांबते. बासष्टचा वर्ग केला की त्या कडेवरचा व्याजदर अडतीस टक्के निघतो. मधल्या भागातील धातूवर तो आणखी कमी. सरासरी उदारपणे पस्तीस टक्के धरली, तर ॲलॉय चाकाने वाचवलेले एक किलो हे गाडीवरच्या फक्त १.३५ किलोंइतके ठरते.

पोलादाऐवजी ॲलॉयची चाके घेऊन प्रत्येक चाकामागे दोन किलो वाचले असे समजू. चार चाकांचे आठ किलो आणि व्याजासह सुमारे अकरा किलो. बाराशे किलोंच्या गाडीत अकरा किलो म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. ही गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला चौदा सेकंद घेत असेल, तर नव्या चाकांमुळे तिचा वेळ एका सेकंदाच्या आठव्या भागाने कमी होईल. पापणी लवण्याइतकाच हा अवधी.

इंधनाचे काय? शहरातल्या वाहतुकीत गाडी वारंवार थांबते आणि पुन्हा सुटते. दरवेळी शून्यापासून ताशी ४० किलोमीटरपर्यंत पोहोचताना हे अकरा किलो जी ऊर्जा खातात, ती इंजिनाची कार्यक्षमता वीस टक्के धरून पेट्रोलमध्ये मोजली, तर एक लिटर संपायला नऊ हजारांहून अधिक वेळा थांबून सुटावे लागेल. माउंट रोडच्या म्हणजे आजच्या अण्णा सालैच्या गर्दीत रोज साठ वेळा थांबणाऱ्या चालकालाही वर्षाकाठी दोन लिटर वाचतील. वजन कमी झाल्याने रस्त्यावर घरंगळण्याचा विरोधही थोडा घटतो. त्याचे दहा हजार किलोमीटरमागे आणखी दीड लिटर धरू. एकूण साडेतीन लिटर. लिटरमागे सोळा किलोमीटर धावणारी गाडी तेवढ्या अंतराला ६२५ लिटर पेट्रोल पिते. बचत अर्ध्या टक्क्याच्या आसपास, रुपयांत सुमारे साडेतीनशे.

याची दुसरी बाजूही बँकेच्या पद्धतीने मांडू. चार चाकांचे ३०,००० रुपये वाहनकर्जात मिळवले, पाच वर्षांची मुदत आणि उदाहरणादाखल नऊ टक्के दर धरला, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६२३ रुपयांनी वाढतो. पाच वर्षांत केवळ व्याजापोटी सुमारे ७,४०० रुपये जातात. वर्षाला साडेतीनशे रुपये वाचवणाऱ्या चाकांना हे व्याज फेडायलाच एकवीस वर्षे लागतील. मुद्दलाचा विचार तर दूरच राहिला.

चेन्नईकरांना परिचित असा एक दाखला देण्याजोगा आहे. या शहरात पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे कॅन घरोघरी लागतात. असा एक भरलेला कॅन डिकीत विसरून राहिला, तर त्याचे वीस किलोंहून अधिक वजन चारही ॲलॉय चाकांनी मिळवलेला वेगाचा आणि इंधनाचा सारा लाभ पुसून टाकते.

स्प्रिंगखालचे वजन

मग हलक्या चाकांचा काहीच उपयोग नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चाकाच्या वजनाचा खरा परिणाम वेगाच्या काट्यावर दिसत नाही. तो खडबडीत रस्त्यावर जाणवतो.

गाडीच्या वजनाचे दोन भाग असतात. प्रवासी, इंजिन आणि सांगाडा यांचे वजन स्प्रिंगांवर तोललेले असते. चाक, टायर, ब्रेक आणि त्यांना धरून ठेवणारे जोडभाग स्प्रिंगांच्या खाली असतात. खड्डा आला की हे खालचे वजन वरखाली उसळते आणि त्याला आवरण्याचे काम स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर करतात. गाडीचा वरचा भाग साधारणपणे सेकंदाला एकदा-दीडदा हेलकावतो. चाकाची उसळी मात्र सेकंदाला दहा ते पंधरा वेळा होऊ शकते. चाक जितके जड, तितके ते उसळल्यावर आवरायला कठीण. उसळलेल्या चाकाची रस्त्यावरची पकड तेवढा वेळ सैल होते आणि नेमक्या त्याच क्षणी ब्रेक दाबला किंवा वळण घेतले, तर गाडी चालकाचे पूर्णपणे ऐकत नाही.

छोट्या मोटारीच्या एका कोपऱ्यात स्प्रिंगखालचे वजन पस्तीस किलो धरले, तर त्यातून दोन किलो कमी होणे म्हणजे जवळजवळ सहा टक्क्यांची घट. वेग घेण्याच्या बाबतीत जे दोन किलो एक टक्काही लाभ देत नव्हते, तेच येथे सहा पटींहून मोठे ठरतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस चेन्नईला झोडपून जातो आणि त्यानंतरच्या रस्त्यांची अवस्था आपल्याकडच्या श्रावण-भाद्रपदातील रस्त्यांची आठवण करून देते. अशा रस्त्यावर हलके चाक अधिक शहाण्यासारखे वागते. पाठीला बसणारे धक्के थोडे सौम्य होतात आणि टायर रस्त्याला अधिक काळ चिकटून राहतो.

मात्र येथे एक मोठी अट आहे. चाक खरोखरच हलके असले पाहिजे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश असते, हे खरे. परंतु पोलादाइतके बळ यावे म्हणून ॲल्युमिनियमचे चाक जाड ओतावे लागते. त्यामुळे घनतेतील बरीचशी बचत जाडीत खर्ची पडते. बाजारातील काही शोभिवंत ॲलॉय चाके मूळच्या पोलादी चाकांपेक्षा प्रत्यक्षात जड भरतात. साच्यात ओतलेल्यापेक्षा दाबून घडवलेले चाक कमी धातूत तेवढेच बळ देते, पण त्याची किंमतही तशीच असते. 'ॲलॉय' या शब्दावर न जाता चाक काट्यावर ठेवून पाहणे, हाच खात्रीचा मार्ग.

मोठे चाक, उलटा हिशेब

आजकाल आणखी एक हौस वाढली आहे. चौदा इंची चाकांच्या जागी सोळा इंची चाके आणि त्यावर कमी उंचीचे रुंद टायर बसवण्याची. गाडी रुबाबदार दिसते यात शंका नाही. परंतु वजनाचा हिशेब येथे पुरता उलटतो.

बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की धातू मध्यापासून दूर सरकतो. चौदा इंची रिमच्या कडेवर व्याजदर अडतीस टक्के होता. सोळा इंची रिमच्या कडेवर तो एकोणपन्नास टक्क्यांच्या घरात जातो. शिवाय मोठी रिम आणि रुंद टायर यांचे मुद्दलही अधिक. म्हणजे कर्जाची रक्कम वाढली आणि दरही चढला. रुंद टायरला वाऱ्याचा आणि रस्त्याचा विरोध अधिक होतो, तो आणखी वेगळा.

अमेरिकेतील 'कार अँड ड्रायव्हर' या मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फ मोटारीला पंधरा ते एकोणीस इंचांपर्यंतची निरनिराळी चाके लावून चाचणी घेतली होती. सर्वांत मोठ्या चाकांवर गाडीला ताशी सुमारे ९६ किलोमीटरचा वेग गाठायला ०.३ सेकंद अधिक लागले आणि एका गॅलनमध्ये कापले जाणारे अंतर सुमारे नऊ-दहा टक्क्यांनी घटले. सौंदर्यासाठी दिलेली ही किंमत प्रत्येक वेळी पंपावर वसूल होत राहते.

कमी उंचीच्या टायरचा आणखी एक धोका भारतीय रस्त्यांवर ध्यानात ठेवण्यासारखा आहे. टायरच्या बाजूची भिंत म्हणजे हवेची उशी. ती पातळ झाली की खड्ड्याच्या कडेचा आघात थेट रिमवर येतो. पोलादी रिम अशा आघाताने वाकते आणि पुष्कळदा कारागीर ती ठोकून सरळ करतो. ओतीव ॲलॉयच्या रिमला तडा जाऊ शकतो. तडा गेलेले चाक वेल्डिंग करून पुन्हा वापरणे जिवाशी खेळ करण्यासारखे आहे.

इरुंगाट्टुकोट्टैची दोन चित्रे

हलक्या चाकांची कीर्ती मुळात शर्यतींच्या मैदानातून आली. १९२४ मध्ये बुगाटी कंपनीने आपल्या 'टाइप ३५' या शर्यतीच्या मोटारीला ॲल्युमिनियमची ओतीव चाके दिली आणि तेव्हापासून हलके चाक हे वेगवान मोटारीचे लक्षण मानले जाऊ लागले.

भारतातील मोटार-शर्यतींचे माहेरघर म्हणजेही चेन्नईच. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या 'मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब'ने शहराच्या उत्तरेस शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरवल्या. १९९० मध्ये क्लबचा स्वतःचा मार्ग इरुंगाट्टुकोट्टै येथे सुरू झाला. एका फेरीत सुमारे ३.७ किलोमीटर अंतर कापणाऱ्या या मार्गावर भारतीय चालकांच्या अनेक पिढ्या घडल्या. क्लबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या इंदू चांढोक यांचा नातू करुण चांढोक २०१० मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत उतरला. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस तर चेन्नईने शहराच्या मध्यभागी, आयलंड मैदानाभोवतीच्या रस्त्यांवर दिव्यांच्या प्रकाशात फॉर्म्युला फोरची शर्यत पाहिली.

या मैदानात दोन किलोंचे मोल वेगळे असते. चालकासह पाचशे किलोंच्या मोटारीत तेच अकरा किलो दोन टक्क्यांहून अधिक भरतात. प्रत्येक वळणाआधी पूर्ण ब्रेक, प्रत्येक वळणानंतर पूर्ण जोर, आणि फेरीमागे एका सेकंदाच्या दशांशावर क्रमांक ठरायचा. तेथे चाकाचे वजन खरोखर निकाल बदलू शकते.

गंमत अशी, की हा शर्यतीचा मार्ग आणि घरगुती मोटारींचा ह्युंदाई कारखाना हे दोन्ही एकाच इरुंगाट्टुकोट्टैत आहेत. जे सत्य मार्गाच्या आत लागू पडते, ते कारखान्यातून घरी निघालेल्या मोटारीला त्याच प्रमाणात लागू पडत नाही. शर्यतीतला चालक सेकंदाचा दशांश विकत घेतो. आपण कार्यालयात वेळेवर पोहोचण्यासाठी निघालेलो असतो आणि आपला दशांश पहिल्याच सिग्नलवर जिरतो.

वीस ग्रॅमचे महत्त्व

चाकाच्या वजनात किलोंपेक्षा ग्रॅम अधिक महत्त्वाचे ठरतात असेही एक ठिकाण आहे. चाकाच्या कडेला चिकटवलेले किंवा ठोकलेले धातूचे छोटे तुकडे आपण पाहिले असतील. चाक आणि टायर यांचे वजन सर्व बाजूंना समतोल व्हावे म्हणून ते लावतात. हेच व्हील बॅलन्सिंग.

यातील वीस ग्रॅमचा, म्हणजे दोन तोळ्यांहूनही कमी वजनाचा, एक तुकडा गळून पडला असे समजा. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावताना ते चाक सेकंदाला सुमारे पंधरा वेळा फिरते. वीस ग्रॅमचा हा असमतोल प्रत्येक फेरीत चाकाला सुमारे साडेतीन किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो. सेकंदाला पंधरा हिसके! चाकाची स्वतःची उसळीही याच लयीची असल्याने दोन्ही एकमेकांना साथ देतात. स्टिअरिंग थरथरते, टायरची झीज असमान होते, बेअरिंगचे आयुष्य घटते. महामार्गावर ठराविक वेगाला हात थरथरू लागले, तर कारण बहुधा येथेच सापडते. आठ किलोंच्या बचतीसाठी तीस हजार मोजणारे हात वीस ग्रॅमसाठी काहीशे रुपये मोजताना आखडतात, हे पाहून नवल वाटते.

हवेचा हिशेबही असाच आहे. चारही टायरमधील दाब एक पी.एस.आय.ने कमी झाला, तर इंधनाचा खर्च सरासरी ०.२ टक्क्याने वाढतो, असे अमेरिकी ऊर्जा खात्याचे मार्गदर्शन सांगते. म्हणजे केवळ तीन पी.एस.आय. हवा कमी असणे ॲलॉय चाकांची सारी इंधनबचत गिळून टाकते. कमी हवेचा टायर तापतो आणि उन्हाळ्यातील महामार्गावर फुटण्याची भीती वाढते. हवा भरून घ्यायला मात्र पाच मिनिटे पुरतात.

निर्णय घेताना

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. हौस म्हणून ॲलॉय चाके घ्यायची असतील, तर जरूर घ्यावीत. मात्र ती बचत आहे असे समजून घेऊ नयेत. घेताना पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली गोष्ट वजनाची. जुने चाक आणि नवे चाक काट्यावर ठेवून फरक प्रत्यक्ष पाहावा. दुसरी, आकाराची. गाडीच्या माहितीपुस्तिकेत उत्पादकाने मान्य केलेले आकार दिलेले असतात. त्याबाहेर जाऊ नये. बाहेरचा व्यास बदलला, तर वेगाचा काटा खोटे बोलू लागतो आणि वळताना टायर मडगार्डला घासू शकतो. तिसरी, बळाची. चाकावर भारतीय मानक चिन्ह आहे काय आणि ते पेलू शकणारा भार गाडीला पुरेसा आहे काय, हे पाहावे. चांगल्या चाकाला विक्रीपूर्वी वाकवणारा भार लाखो फेऱ्यांपर्यंत सोसावा लागतो, वरून पडणाऱ्या वजनाचा आघात झेलावा लागतो. पुण्याची एआरएआय किंवा ओरगडमचे ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटर यांसारख्या संस्था वाहने आणि त्यांचे भाग अशा कसोट्यांना लावतात. रस्त्याकडेच्या दुकानातील स्वस्त नकली चाकाने यातील काहीच सोसलेले नसते.

चौथी गोष्ट विम्याची. कारखान्यातून गाडीसोबत न आलेल्या चाकांची किंमत विमा कंपनीला कळवून विमापत्रात नोंदवून घ्यावी. नोंद नसेल, तर अपघात वा चोरीच्या वेळी त्या रकमेवर पाणी सोडावे लागू शकते. पाचवी, सुट्या चाकाची. चार चाके ॲलॉयची आणि डिकीतले पाचवे पोलादी, अशी स्थिती पुष्कळ गाड्यांत असते. दोन्हींना लागणारे नट निराळे असू शकतात. ते जवळ आहेत ना, हे घरून निघतानाच पाहिलेले बरे.

आणि टायर बदलण्याची वेळ येईल तेव्हा एक लक्षात ठेवावे. रस्त्याला टेकणाऱ्या रबरावर व्याजदर नव्वद टक्क्यांच्या वर असतो. रिमवर वाचवलेल्या किलोपेक्षा टायरच्या कडेवर वाचलेले किलो अधिक मोलाचे. योग्य मापाचा, अकारण रुंद नसलेला चांगला टायर हा चाकाचे वजन कमी राखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि टायर तर केव्हातरी बदलावाच लागतो.

कर्जाच्या अर्जावर सही करताना आपण दर, मुदत आणि हप्ता बारकाईने पाहतो. विक्रीकेंद्रातील 'दहा किलोंच्या' सूत्रालाही तोच बारकावा लावला, तर त्यातले दोन किलो खरे आणि उरलेले आठ किलो कौतुकाचे आहेत, हे ध्यानात येईल. महिन्यातून एकदा हवा, पाच हजार किलोमीटरला बॅलन्सिंग आणि रिकामी डिकी, इतके सांभाळणाऱ्याची गाडी साध्या लोखंडी चाकांवरही सुखाने धावेल. लिंबू मात्र चाक कोणतेही असले तरी तेवढ्याच सहजतेने चिरडले जाते.